आरसा, धूळ आणि जुळणी

'साहित्य हा समाजाचा आरसा आहे' हे वाक्य मी गेली पंचवीसएक वर्षे उत्तरपत्रिकांतून वाचत आले आहे. विद्यार्थी ते लिहितात, कारण आम्ही ते शिकवतो. आणि आम्ही ते शिकवतो, कारण आम्हांलाही ते कोणीतरी शिकवले होते. वाक्य खोटे आहे असे नाही. पण तो आरसा कोणत्या जातीचा, तो घासला कोणी, त्यावरची धूळ कोण पुसतो आणि कशाने पुसतो, ज्या चौकटीत तो बसवला आहे ती सरळ आहे की कललेली, हे प्रश्न त्या वाक्यापाशी कोणी विचारत नाही. मला ते पडतात. त्याचे श्रेय माझ्या वाङ्मयाच्या अभ्यासाला देता येणार नाही. ते एका सहा इंची आरशाला आणि तो घासणाऱ्या माझ्या मामांना द्यावे लागेल.

घरातल्या आरशात काच पुढे असते आणि मुलामा मागे. काचेवर बोट टेकवून पाहावे: बोट आणि प्रतिमेतले बोट यांच्यामध्ये काचेच्या जाडीमुळे फट दिसते. या फटीने भांग पाडण्यात अडचण येत नाही. ताऱ्यांच्या बाबतीत येते. म्हणून परावर्तक दुर्बिणीच्या आरशाला मुलामा काचेच्या पुढच्या बाजूस देतात. प्रकाश काचेत शिरतच नाही, वरच्या वर परततो. काचेचे काम फक्त त्या मुलाम्याला योग्य आकारात धरून ठेवण्याचे. मुलामा ॲल्युमिनियमचा असतो आणि त्याची जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास. त्याच्यापुढे काच नसते. घरचा आरसा आपण रोज पुसतो, कारण पुसला जातो तो मुलामा नसून काच असते. दुर्बिणीचा आरसा पुसणे म्हणजे प्रत्यक्ष मुलाम्याला हात घालणे. हा फरक मला वयाच्या बाराव्या वर्षी समजला, आणि तोही गुन्हा करून झाल्यावर.

मामा सातारला एका सरकारी कचेरीत कारकून होते. मंगळवार पेठेतल्या त्यांच्या घराच्या पाठीशी अजिंक्यतारा आणि गच्चीवरून उत्तरेचे आकाश मोकळे. १९८६ च्या आरंभी हॅलेचा धूमकेतू येणार म्हणून महाराष्ट्रातल्या गावोगावच्या हौशी मंडळींत तेव्हा दुर्बिणींचे वारे होते. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्थेचे काम १९४४ पासून चालू होतेच. त्याच्याही पूर्वी, १८८८ साली, पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून वेधशाळा उभी राहिली होती. प्राध्यापक नायगमवाला यांच्या हाताखालची तिथली २० इंची परावर्तक दुर्बीण त्या काळी देशातली सर्वांत मोठी. नायगमवाला निवृत्त झाल्यावर १९१२ साली ती वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाइकनालला रवाना झाली. मामा ही हकिगत घरातल्या दुःखद घटनेसारखी सांगत. जणू २० इंची आरसा आपल्या प्रांतातून गेला म्हणून त्याच्या भरपाईसाठी सहा इंची तरी आपण घडवायला हवा होता.

काच मुंबईच्या दारूखान्यातून आली. मोडीत काढलेल्या जहाजाच्या खिडकीची, इंचभर जाड. तिच्या दोन गोल चकत्या कापून घेतल्या. खालची चकती एका पिंपावर घट्ट बसवायची, मध्ये पाणी आणि कार्बोरंडमची पूड टाकायची आणि वरची चकती पुढेमागे घासायची. घासता घासता वरची थोडी फिरवायची आणि आपणही पिंपाभोवती एकेक पाऊल सरकायचे. एवढ्याने वरची काच मधोमध खोलगट होते आणि खालची फुगीर. कुठलाही साचा लागत नाही. आकार आधी कोणी ठरवून कोरलेला नसतो. दोन काचा सगळ्या दिशांनी एकमेकींना लागत राहतात आणि त्यातून गोलाचा एक तुकडा आपोआप उरतो. पूड हळूहळू बारीक करत न्यायची आणि शेवटी डांबराच्या थरावर पॉलिश. मामांच्या त्या पिंपाभोवतीच्या फेऱ्यांना मामी 'प्रदक्षिणा' म्हणत आणि हे दैवत कधी प्रसन्न होणार असे विचारत.

मला सुट्टीत तिथे एक काम नेमून दिलेले होते. मामा घासत असताना मी पुस्तक वाचून दाखवायचे. घासणे एकसुरी असते, पण मध्येच सोडून चालत नाही. हात गुंतलेले, डोळे मोकळे नाहीत, कान मात्र रिकामे. नगर वाचनालयातून आणलेल्या कितीतरी कादंबऱ्या मी त्या कार्बोरंडमच्या खरखरीवर आवाज चढवून वाचल्या. पुढे कितीतरी वर्षांनी कॅरोलाइन हर्शेलच्या आठवणी वाचताना मी थबकले. तिचा भाऊ विल्यम हर्शेल आरसा पॉलिश करू लागला की तासन्‌तास हात काढत नसे. एकदा तर सोळा तास. कॅरोलाइन त्याला घास भरवी आणि 'डॉन किहोते', 'अरेबियन नाइट्स', स्टर्न आणि फील्डिंग यांच्या कादंबऱ्या वाचून दाखवी. ज्या हर्शेलने १७८१ साली सहा इंचांहून थोड्याच मोठ्या आरशाने युरेनस शोधला त्याच्या घरातही तीच व्यवस्था होती. कादंबरीच्या वाचकवर्गाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी आरसे घासणारेही ध्यानात घ्यावेत अशी माझी नम्र सूचना आहे.

मामांच्या आरशाचे नाभीय अंतर ४८ इंच होते. एवढ्या आरशाची मधली खोली सुमारे १.२ मिलिमीटर भरते. पण गोलाचा तुकडा पुरेसा नसतो. दूरच्या ताऱ्याचे सगळे किरण एकाच बिंदूत यायचे तर आकार पॅराबोलाचा हवा. मराठी विश्वकोशाने त्याला 'अन्वस्त' म्हटले आहे. विश्वकोशाचे कार्यालय वाईला, म्हणजे आमच्याच जिल्ह्यात. त्यामुळे हा शब्द सातारकरांच्या मालकीचा असल्यासारखा मामा वापरत. गोल आणि अन्वस्त यांच्यात या आरशाच्या कडेपाशी फरक पडतो तो सुमारे ०.०००३ मिलिमीटरचा. तो ओळखायला यंत्र लागत नाही. आरशापासून आठ फुटांवर एक दिवा ठेवायचा, त्याला सुईच्या अग्राएवढे छिद्र असलेला पत्रा लावायचा आणि परतलेला प्रकाश जिथे एकवटतो तिथे दाढीचे पाते अलगद आडवे आणायचे. पात्याच्या मागून पाहणाऱ्याला आरशावरचे उंचसखल डोंगरदऱ्यांसारखे दिसू लागते. फूको या फ्रेंच शास्त्रज्ञाने ही कसोटी १८५८ च्या सुमारास दिली. आमच्याकडे वीज गेली की दिव्याच्या जागी प्रभाकर कंदील येई. तोही जिल्ह्यातलाच: कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा, १९१६ साली निघालेल्या काच कारखान्याचा.

आरसा पुण्याहून मुलामा देऊन आला, पत्र्याच्या काळ्या नळीत बसला आणि पहिल्या रात्री आम्ही आयपीसला डोळा लावला. प्रत्येक ताऱ्याला एका बाजूला शेपूट होते. मामी पाहून म्हणाल्या, "एका शेंडेनक्षत्रासाठी एवढा खटाटोप केलात, आणि इथं तर त्यांची जत्रा भरलीय." मामा मात्र निराश झाले नाहीत. आरसा चांगलाच आहे, त्यांनी सांगितले. जुळणी राहिली आहे.

ही जुळणी म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. नळीच्या तळाशी मोठा आरसा असतो. तो प्रकाश गोळा करून वर फेकतो. वर, तोंडापाशी, पंचेचाळीस अंशांत बसवलेला छोटा सपाट आरसा तो प्रकाश बाजूला वळवून आयपीसमध्ये देतो. ही दोन्ही आरशांची आणि आयपीसची रेषा एक व्हायला हवी. त्यासाठी मोठ्या आरशाच्या बरोबर मधोमध कागदाचे एक बारीक कडे चिकटवतात. मध्यभागावर छोट्या आरशाची सावलीच पडत असल्याने त्या कड्याने काही बिघडत नाही. आयपीस काढून तिथे कॅमेऱ्याच्या फिल्मची डबी बसवायची. तिच्या बुडाला छिद्र, झाकण काढलेले. छिद्रातून पाहत आधी छोटा आरसा असा फिरवायचा की त्यात मोठा आरसा पूर्ण, तिन्ही पकडींसह गोल दिसावा आणि कडे मध्यावर यावे. मग मोठ्या आरशामागचे तीन स्क्रू. ते कमीजास्त करत डबीच्या छिद्राचे प्रतिबिंब कड्याच्या आत आणून सोडायचे. शेवटची परीक्षा ताऱ्यावर: आयपीस किंचित पुढेमागे करून तारा मुद्दाम अस्पष्ट केला की त्याच्याभोवती कडी दिसतात. ती एककेंद्री असली की काम झाले. एकीकडे दाटली असली की पुन्हा स्क्रू.

यात एक अडचण आहे, आणि या लेखाचे निमित्त तीच. नळी चार फूट लांब. पाहणारा वरच्या टोकाला आणि स्क्रू खालच्या टोकाला. पाहणाऱ्याचा हात स्क्रूपर्यंत पोहोचत नाही; स्क्रू फिरवणाऱ्याला काय बदलले ते दिसत नाही. मामा वर असत आणि मी खाली, अंधारात, थंड पत्र्याला खेटून. त्या वर्षी शाळेत वाक्याचे भाग चालू होते, म्हणून मामांनी तीन स्क्रूंना तीन रंगांचे ठिपके देऊन त्यांची नावे ठेवली होती: कर्ता, कर्म आणि क्रियापद.

"कर्म जरा सैल कर."

"किती?"

"पाव फेरा. थांब. फार झालं. परत घे."

"आता?"

"आता क्रियापद आवळ."

तारा शक्यतो ध्रुव घ्यायचा. इतर तारे पाहता पाहता आयपीसच्या बाहेर सरकतात. ध्रुव जवळजवळ जागेवर राहतो. जवळजवळ अशासाठी, की तोही खऱ्या ध्रुवबिंदूपासून पाऊण अंशाहून थोडा कमी ढळलेला आहे आणि रोज एक छोटी प्रदक्षिणा घालतोच. सातारहून तो क्षितिजापासून जेमतेम साडेसतरा अंश वर. ध्रुवाला एक अंधुक सोबती आहे. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. हर्शेलने १७७९ साली तो प्रथम पाहिला. मुख्य ताऱ्याच्या झळाळीत तो सहज हरवतो. आरसे जुळलेले नसतील तर झळाळी पसरून त्याला गिळते. मामांची शेवटची कसोटी तीच होती. सोबती दिसला की ते म्हणत, "झालं वाक्य पुरं."

मार्च १९८६ मध्ये यवतेश्वरच्या पठारावरून पहाटे आम्ही हॅले पाहिला. खरे सांगायचे तर तो कापसाच्या पुंजक्याएवढा आणि फिकट होता. पण ती शेपटी जुळणीच्या चुकीची नव्हती, ही खात्री आम्हांला होती. ज्यांनी आयती दुर्बीण लावली त्यांना ही खात्री कुठून असणार?

गुन्हा त्यानंतरचा. मे महिन्यात मामा कचेरीत गेले असता मी नळीत डोकावले. आरशावर धुळीचे कण आणि एक वाळलेला थेंब होता. मामांना बरे वाटेल म्हणून मी मागचे स्क्रू काढले, आरसा बाहेर घेतला आणि माझ्या स्वच्छ धुतलेल्या रुमालाने तो लख्ख पुसला. रुमालाने धूळ निघत नाही, ती आरशावर ओढली जाते. कोवळ्या उजेडात तिरपे धरून पाहिले तेव्हा आरसाभर केसांसारख्या रेषा उमटल्या होत्या, आणि त्यांत एक लांब, सातच्या आकड्यासारखी वळलेली.

मामा रागावले असते तर मी हे विसरले असते. त्यांनी आरसा खिडकीपाशी नेला, बराच वेळ पाहिला आणि मला जवळ बसवले. ते म्हणाले, "धुळीनं उजेड थोडा कमी होतो, एवढंच. जे दिसतं ते खरं दिसतं. आरसा कलला तर उजेड सगळा येतो, पण दिसतं ते चुकीचं. तू पुसलंस त्याचं काही नाही. तू तो बसवताना कसाही आवळलास, ते आधी नीट करू." मग आम्ही संध्याकाळी गच्चीवर गेलो. मी खाली बसले आणि कर्ता-कर्म-क्रियापद फिरवू लागले.

आरसा कसा धुवायचा ते त्यांनी मला नंतर शिकवले, आणि कधी धुवायचा नाही तेही. साधारणपणे धुवायचाच नाही. झाकण नीट लावायचे, दमट हवेत पाहणे संपल्यावर दंव सुकू द्यायचे आणि मगच झाकायचे. फारच झाले तर रबरी फुग्याने हवा मारायची. वर्षे उलटली आणि थर खरोखरच साचला तर आधी आरसा कलता धरून वाहत्या पाण्याखाली ठेवायचा, म्हणजे कडक कण घासल्यावाचून निघून जातात. मग कोमट पाण्यात साबणाचा थेंब टाकून कापसाचा बोळा नुसता स्वतःच्या वजनाने आरशावरून ओढायचा. दाबायचे नाही, बोळा दुसऱ्यांदा वापरायचा नाही. शेवटी बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर ओतायचे आणि आरसा कडेवर उभा करून सोडून द्यायचे. उरलेला एखादा थेंब टिपकागदाच्या कोपऱ्याने टिपायचा. १९९७ साली मामांनी जुना मुलामा काढून नवा देऊन आणला तेव्हा माझ्या रुमालाच्या रेषा सगळ्या गेल्या. फक्त सातचा आकडा राहिला. तो मुलाम्यातून काचेत उतरला होता.

इथे शब्दाविषयी थोडे लिहिल्यावाचून राहवत नाही. या जुळणीला जगभर 'कॉलिमेशन' म्हणतात. लॅटिनमध्ये 'कोलिनेआरे' म्हणजे एका रेषेत आणणे, नेम धरणे. सिसेरोच्या काही प्रतींत हा शब्द चुकून 'कोलिमारे' असा पडला. कोणाची नजर चुकली, कोणाचा हात घसरला, सांगता येत नाही. खगोलविदांनी तो चुकलेला पाठ उचलला, आणि आज रेषेत आणण्याच्या क्रियेचे नावच रेषेतून घसरलेल्या अक्षरांनी बनलेले आहे. पाठचिकित्सा शिकवताना मी हे उदाहरण हमखास देते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ते काम कोणत्या जातीचे होते? धूळ काढण्याचे की जुळणीचे? विद्यार्थी सहसा 'धूळ' म्हणतात. मला वाटते, धूळ काढणाऱ्याला आधी स्वतःचा डोळा कुठल्या रेषेत आहे हे पाहावे लागते. नाहीतर तो मूळ मुलामाच धूळ समजून पुसतो. मराठीत मात्र मला 'जुळणी' हाच शब्द बरा वाटतो. छापखान्यात खिळे लावणाऱ्यालाही आपण जुळारी म्हणत होतो, आणि खिळे जुळवणारा आणि मुद्रित वाचणारा, तिथेही माणसे दोनच लागत.

मोठ्यांच्याही हातून असे होते. हबल दुर्बीण १९९० साली अवकाशात गेली तेव्हा तिचा आरसा विलक्षण काळजीने घासलेला होता. पण तो घासला होता चुकीच्या मापाने. आरसा तपासण्याच्या उपकरणातले एक भिंग १.३ मिलिमीटर जागचे हलले होते. त्यामुळे आरसा कडेपाशी सुमारे २.२ मायक्रॉनने अधिक सपाट झाला आणि तारे फिसकटले. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी जाऊन दुरुस्ती बसवली. दोष ना हातांचा होता, ना धुळीचा. ज्याने मोजायचे तेच कललेले होते आणि त्याच्यावर सगळ्यांचा विश्वास होता. समीक्षेच्या तासाला हे सांगितले की वर्ग शांत होतो. मीही मनातल्या मनात होते, कारण मोजपट्टी माझ्याच हातात असते.

मी नोकरीनिमित्त सांगलीला आले आणि गावभागात राहू लागले. मामा २००७ साली गेले. मामींनी दुर्बीण माझ्याकडे पाठवली. कृष्णा जशी वाईवरून, सातारच्या बाजूने माहुलीवरून, कऱ्हाडवरून सांगलीला येते, तशीच तीही आली, फक्त टेम्पोतून. इथे आमच्या भिंतीवर २००५ च्या पुराची खूण होती: फरशीपासून हातभर. त्या वर्षी आयर्विन पुलापाशी पाणी ५४ फुटांच्या आसपास गेले होते आणि तेच मोठ्यांच्या तोंडी अखेरचे माप होते. दुर्बीण मी टेबलावर ठेवली, त्या खुणेच्या बरीच वर.

ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी चढू लागले तेव्हा मी पुस्तके वर नेली. हे मी लपवत नाही. चार फेऱ्या पुस्तकांच्या, दोन कागदपत्रांच्या, एक देवांची. दुर्बिणीकडे पाहिले, खुणेकडे पाहिले आणि हिशेब केला की ती सुरक्षित आहे. रात्री आम्ही विश्रामबागेत नातेवाइकांकडे गेलो. आयर्विनपाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. खूण खरी होती, तिच्यावरचा माझा भरवसा चुकला. हबलच्या उपकरणाची गोष्ट मी त्याच वर्षी जूनमध्ये वर्गात सांगितली होती.

आठवड्याने परतलो तेव्हा घरात घोट्याएवढा गाळ होता. शहराच्या नगर वाचनालयातली हजारो पुस्तके भिजली होती. दारोदार कागदाचा लगदा पडलेला होता. अशा वेळी आरशाबद्दल कोणाशी बोलावे? नळी टेबलाखाली उपडी पडली होती. आरसा अजून पकडीत होता आणि त्याच्यावर गाळाची साय धरली होती, कडेने वाळत आलेली. प्यायचे पाणी टँकरने येत होते. त्यातले आरशाला देणे बरे दिसले नसते. भांडी विसळून उरलेले निवळ पाणी मी एका बादलीत धरले आणि आरसा त्यात बुडवून ठेवला. वाळू मात्र दिला नाही, कारण वाळलेला गाळ मुलाम्यासकट निघतो. चार दिवस पाणी बदलत राहिले. पुसण्याचा मोह त्या चार दिवसांत जितका झाला तितका बाराव्या वर्षीही झाला नव्हता. हात मागे बांधून बसले.

तरी मुलामा वाचला नाही. तो जागोजाग उडाला होता आणि उरलेला काळवंडला होता. पुण्याला पाठवला तेव्हा तिथल्या माणसांनी जुना मुलामा द्रावणाने काढून टाकला आणि मी योगायोगाने त्या दिवशी तिथे होते. चौतीस वर्षांत प्रथमच मी त्या काचेतून आरपार पाहिले. माझी बोटे पलीकडून दिसली. जहाजाच्या खिडकीच्या त्या काचेला किंचित हिरवट छटा होती. मामांच्या फेऱ्यांतून घडलेला बाक जसाच्या तसा होता. गाळाने त्याला काही केले नव्हते. आणि कडेपाशी, उजेडात तिरपी धरली की, सातचा आकडा.

"हा ओरखडा घालवायचा का? पुन्हा पॉलिश करावं लागेल, आकार मात्र बदलेल," त्यांनी विचारले. मी नको म्हटले. आकार मामांचा होता, ओरखडा माझा. तेवढ्यासाठी तो बाक मोडणे मला पटले नाही.

आरसा परत आला आणि काही दिवसांत मार्च २०२० ची टाळेबंदी सुरू झाली. सुताराने पाया नव्याने करून ठेवला होता. आकाश कधी नव्हे इतके स्वच्छ, आणि मी एकटी. एकटीने जुळणी करून पाहिली. वर डोळा लावायचा, खाली धावायचे, अंदाजाने स्क्रू फिरवायचा, पुन्हा वर. प्रत्येक वेळी आपण काय पाहिले होते तेच विसरायला होई. रंगांचे ठिपकेही पुराने धुऊन गेले होते. कोणते कर्म आणि कोणते क्रियापद, समजेना. महिनाभर असे करून मी नळीवर चादर टाकली.

२१ डिसेंबर २०२० ला गुरू आणि शनी यांची युती होती. १६२३ नंतर ते इतके जवळ आले नव्हते. दोघांमध्ये चंद्रबिंबाच्या पाचव्या हिश्शाएवढे अंतर. आदल्या रात्री शेजारचा नववीतला मुलगा गच्चीवर आला आणि विचारू लागला, "काकू, उद्या तुमच्या दुर्बिणीतून दिसेल का?" मी म्हटले, "दिसेल, पण आज तुला खाली बसावं लागेल." त्याला तीन स्क्रू दाखवले, नावे सांगितली. तो हसला; मग फारच गंभीरपणे त्याने खिशातल्या स्केचपेनने पहिल्यावर 'क' काढला आणि उरलेल्या दोघांपाशी अडला, कारण तिघेही 'क'नेच सुरू होतात. हे मामांच्या किंवा माझ्या चौतीस वर्षांत कधी ध्यानात आले नव्हते. शेवटी त्याने एक, दोन, तीन असे आकडे घातले.

मी ध्रुव लावला. कडी एकीकडे दाटलेली होती. "दोन सैल कर. पाव फेरा. थांब. परत घे." मामांचे शब्द माझ्या तोंडी असे आले की मला क्षणभर खाली कोण बसले आहे ते आठवेना. तासाभराने कडी गोल झाली. मी काही न सांगता बाजूला सरले आणि त्याला वर बोलावले. तो बराच वेळ आयपीसला डोळा लावून उभा होता. थंडीने पत्रा गार पडला होता.

"काकू," तो म्हणाला, "ध्रुवाजवळ अजून एक आहे. अगदी बारीक. धूळ आहे का?"

"नाही," मी म्हटले. "धूळ नाही. नीट पाहा."